थोरल्या भावाचे पुढे काय झाले?

मागच्या माघात फोंडे महालातील एका देवस्थानच्या उत्सवात आम्ही कीर्तनास बसलो होतो. पूर्वरंगात बुवांनी बंधुप्रेमाचा विषय घेतला, तेव्हा उत्तररंगात भरत आणि पादुका येणार हे सभामंडपातील सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु बुवा बहुश्रुत निघाले. त्यांनी रामायण बाजूस ठेवून कल्याणीच्या चालुक्यांचे आख्यान लावले. आहवमल्ल सोमेश्वर राजाला तीन पुत्र. मधला विक्रमादित्य सर्वांत पराक्रमी. बाप त्यालाच युवराज करू पाहतो, पण वडील भाऊ असताना आपण त्या आसनावर बसणे अधर्म होईल असे सांगून तो नकार देतो. पुढे बाप तुंगभद्रेत जलसमाधी घेतो, थोरला सोमेश्वर गादीवर येतो, मदाने बिघडतो, धाकट्यांचा द्वेष करू लागतो. विक्रमादित्य घर सोडतो. शेवटी थोरलाच शत्रूशी हातमिळवणी करून चालून येतो. लढावे की न लढावे या विवंचनेत असलेल्या विक्रमादित्याला स्वप्नात भगवान शंकर दर्शन देतात आणि युद्धाची आज्ञा करतात. थोरला कैद होतो. जिंकलेला धाकटा त्याला सोडून राज्य परत देऊ म्हणतो, तेव्हा शंकर पुन्हा येतात, या वेळी रागावून, आणि गादी तूच घे म्हणून बजावतात.

आख्यान रंगले. टाळ्या पडल्या. बुवा आरतीकडे वळणार तोच खांबाला टेकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी बसल्या जागेवरूनच विचारले, “बुवा, त्या व्हडल्या भावाचें मुखार कितें जालें?”

बुवा क्षणभर थांबले. “काव्यात ते आलेले नाही,” असे म्हणाले आणि आरती सुरू झाली.

आरती झाली, प्रसाद झाला, मंडळी पांगली. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. राजघराण्यांवरील ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या आपल्या समाजात मोठ्या आवडीने वाचल्या जातात, आणि कुटुंबनिष्ठेचे पाठ मुलांना आपण बहुधा त्यांतूनच देतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावा असे वाटले.

बुवांचे आख्यान त्यांच्या पदरचे नव्हते. ते बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरित’ या अठरा सर्गांच्या संस्कृत काव्यातले आहे. बिल्हण काश्मीरचा. देशोदेशी हिंडून तो कल्याणीस, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे आला, आणि याच विक्रमादित्याने त्याला ‘विद्यापती’ करून पदरी ठेवले. काव्य पुढे विस्मृतीत गेले होते. १८७४ साली ब्यूलर यांना जैसलमेरच्या ग्रंथभांडारात त्याची पोथी सापडली आणि दुसऱ्या वर्षी ते छापून निघाले. ऐतिहासिक कादंबरी हा प्रकार आपण इंग्रजी अमदानीत उचलला असे म्हणतात. आम्हांला मात्र बिल्हण हाच आपल्याकडचा एक फार जुना ऐतिहासिक कादंबरीकार वाटतो. पात्रे खरी, लढाया खऱ्या. रचना तेवढी त्याची, आणि ती अशी केलेली की नायकाच्या हाताला कोठेही डाग राहू नये.

शिलालेखांत दिसणारी हकीकत याहून ओबडधोबड आहे. पहिला सोमेश्वर १०६८ साली कुरुवत्ती येथे तुंगभद्रेत गेला. त्यानंतर आठ वर्षे भुवनैकमल्ल हे बिरुद धारण करणारा दुसरा सोमेश्वर राज्य करीत होता, आणि त्यांतील काही वर्षे विक्रमादित्य त्याच्याच हाताखाली दक्षिणेचे प्रांत सांभाळीत होता. बिल्हणाने रंगवलेला उन्मत्त, दुष्ट राजा त्या काळच्या लेखांतून आपल्यासमोर येत नाही. उलट एक गोष्ट खुद्द बिल्हणही लपवीत नाही. विक्रमादित्याने चोळ राजाची मुलगी केली. चोळ म्हणजे कोण? ज्यांच्याशी लढण्यात बापाचे आयुष्य गेले, ज्यांचा राजाधिराज १०५४ च्या कोप्पमच्या रणात पडला, तेच हे चोळ. घराच्या हाडवैऱ्याचा जावई होऊन थोरल्या भावाशी सामना करावयाचा, हे भरताच्या पंक्तीत बसविणे अवघड आहे. पुढे चोळांकडे कुलोत्तुंग आला तेव्हा थोरल्या सोमेश्वराने त्याच्याशी संधान बांधले. म्हणजे पहिल्याने जे केले तेच दुसऱ्याने केले, फक्त काव्य पहिल्याच्या पदरी होते. १०७६ साली विक्रमादित्य गादीवर आला, त्याने स्वतःच्या नावाचा शक सुरू केला, आणि दुसऱ्या सोमेश्वराचे नाव लेखांतून नाहीसे झाले. वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाला इतिहासाकडे असलेले उत्तर एवढेच.

विक्रमादित्याची बाजू दुबळी आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याने पन्नास वर्षे, म्हणजे ११२६ पर्यंत राज्य केले, आणि दक्षिणेत त्याच्याइतका दीर्घ आणि भरभराटीचा काळ थोड्याच राजांना लाभला. राज्य हे काही वडिलोपार्जित पोफळीचे कुळागर नव्हे की थोरल्याचे थोरल्याला आणि धाकट्याचे धाकट्याला असे म्हणून मोकळे व्हावे. गादीवर कोण बसतो यावर लाखो प्रजेचे सुखदुःख अवलंबून असते. दुबळ्या थोरल्याखाली प्रजा भरडली जात असेल तर समर्थ धाकट्याने भावाचे तोंड पाहावे की प्रजेचे? आपल्या राजनीतीच्या ग्रंथांनीही अयोग्य ज्येष्ठाला बाजूस सारण्याची मुभा ठेवलेली आहे. तेव्हा विक्रमादित्याने गादी घेतली हेच पाप झाले, असा निकाल देण्यास आम्ही तयार नाही. कदाचित त्याने योग्यच केले असेल.

आमची अडचण त्या स्वप्नापाशी आहे.

विक्रमादित्य असे म्हणू शकला असता: राज्य मला हवे होते, ते मी तुझ्यापेक्षा चांगले चालवीन अशी माझी खात्री होती, म्हणून मी ते तुझ्याकडून घेतले. असे म्हणणारा मनुष्य निष्ठुर असेल, पण तो भावाचा देणेकरी राहतो. त्या भावाला सन्मानाने ठेवावयाचे, त्याच्या मुलांना तोडून टाकावयाचे नाही, निदान त्याचे नाव दगडावरून पुसावयाचे नाही, असे काही ना काही देणे त्याच्या माथ्यावर उरते. पण ‘मी नाही घेतले, देवाने घ्यावयास लावले’ असे म्हटले की सगळे खाते एका फटक्यात मिटते. घेणारा मोकळा, आणि ज्याचे गेले त्याने गाऱ्हाणे न्यावयाचे ते भगवान शंकराकडे! एका मनुष्याने दुसऱ्यावर केलेला अन्याय पुष्कळदा भरून येतो. परंतु तो अन्याय नव्हताच असे एकदा ठरले की भरून येण्याची वाट बंद होते. कुटुंबातील निष्ठेचा अर्थ एकमेकांचे कधीच काही बिघडवावयाचे नाही असा असेल तर ती निष्ठा कोणत्याही घरात सापडावयाची नाही, राजाच्या नाही आणि आपल्याही नाही. बिघडवले ते आपण बिघडवले, हे मान्य करण्याची तयारी म्हणजे निष्ठा, असे आम्हांस वाटते.

देवळाशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांना येथे आणखी एक गोष्ट सहज ध्यानात येईल. देवाचा निर्णय घेण्याची रीत आपल्याकडेही आहे. मूर्तीवर पाकळ्या लावून आपण प्रसाद घेतो, कौल मागतो. पण कौल कसा मागतात? गाभाऱ्यासमोर, उजेडात, महाजनांच्या देखत. गाऱ्हाणे पुरोहित मोठ्याने घालतो, ज्याचे हित-अहित त्यात गुंतले आहे तो दुसरा पक्ष तेथे हात जोडून उभा असतो, आणि पाकळी आपल्या विरुद्ध बाजूला पडण्याचा धोका मागणाऱ्याने पत्करलेला असतो. दृष्टान्ताला यांपैकी काहीच लागत नाही. तो अंथरुणात होतो, एकट्याला होतो, आणि बहुधा ज्याला जे हवे असते तेच सांगतो. दृष्टान्त खोटेच असतात असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपल्या कितीतरी देवस्थानांच्या उत्पत्तिकथा दृष्टान्तापासून सुरू होतात. परंतु तेथे देव मागतो ते भक्ताच्या कष्टाचे असते: माझी मूर्ती अमुक जागी आहे, ती काढ, देऊळ बांध. भावाची गादी भक्ताच्या पदरात टाकणारा दृष्टान्त आणि हा, यांत फरक केलाच पाहिजे.

बिल्हणाच्या नायकाला हा धडा घरातच मिळाला. धाकटा जयसिंह सगळ्या भांडणात विक्रमादित्याच्या बाजूने होता. त्याला बनवासीचा कारभार मिळाला. काही वर्षांनी तोच बंड करून उठला, कृष्णेच्या काठी लढाई झाली आणि तोही धरला गेला. कवी म्हणतो की राजाने त्याला दयेने वागविले. असेल. पण जयसिंहाने नवे असे काय केले? समर्थ धाकट्याने थोरल्याची गादी घ्यावी, हे त्याने डोळ्यांदेखत पाहिले होते. त्याला स्वप्न सांगणारा कवी तेवढा मिळाला नाही, म्हणून काव्यात तो कृतघ्न ठरला.

याच राजाच्या राजधानीत, याच वर्षांत, विज्ञानेश्वर याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहीत होता, आणि ग्रंथाच्या अखेरीस त्याने या राजाची व कल्याणीची स्तुतीही केली आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांच्या घरांतील वाटणीपत्रे पिढ्यान् पिढ्या त्याच्याच सिद्धान्तावर झाली; गोव्यात मात्र पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून आलेला कायदा चालतो, हा भाग वेगळा. वडिलोपार्जित द्रव्यात मुलाचा हक्क जन्मतःच असतो, बापाच्या मृत्यूची त्याला वाट पाहावी लागत नाही, हे विज्ञानेश्वराने ठासून मांडले. थोरल्याला जास्त वाटा देण्याची जी शास्त्रोक्त रीत होती तिच्याविषयी तो काय म्हणतो ते फार विचार करण्याजोगे आहे. ती शास्त्रात आहे हे तो नाकारीत नाही. पण ती लोकविद्विष्ट झाली आहे, लोकांच्या मनाला ती रुचत नाही, म्हणून आचरू नये, असे तो म्हणतो. शास्त्राची आज्ञासुद्धा लोकांच्या न्यायबुद्धीपुढे उभी करून पाहावी, असे हा पंडित ज्या नगरात बसून लिहीत होता, त्याच नगरातला कवी स्वप्नातल्या आज्ञेने एका भावाचा हक्क बुडवीत होता. दोघांचाही आश्रयदाता एकच. इतिहास कधी कधी असा विनोद करतो.

बिल्हणावर इतके रागावण्याचे कारण काय, तो तर पदरी बाळगलेला कवी, असे कोणी म्हणेल. पण आपले आजचे ऐतिहासिक लेखक कोणाच्या पदरी आहेत? तरीही रीत तीच. नायकाने आपल्या माणसाचे वाईट केले की लेखक चटकन् दुसरा कोणी दोषी शोधून आणतो. बिल्हणाने निदान देवाला पुढे केले. आपण बहुधा एखाद्या स्त्रीला पुढे करतो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले. कैदेत असलेला चुलता, त्याची महत्त्वाकांक्षा, चिडलेले गारदी, एवढे सगळे समोर असताना लोकांच्या तोंडी राहिले ते आनंदीबाईचे ‘ध चा मा’. एक अक्षर फिरले आणि राघोबादादांचे अर्धे पाप बायकोच्या लेखणीवर गेले! सावत्र आई, कपटी कारभारी, जळकी भावजय ही आपल्या कादंबऱ्यांतली ठरलेली माणसे याच कामासाठी नेमलेली असतात. ती नसती तर नायकाला स्वतःच्या करणीकडे पाहावे लागले असते, आणि वाचकालाही.

ज्याची बाजू खरोखर न्यायाची असते त्याचीही यातून सुटका नाही. देवगिरीच्या कृष्ण यादवानंतर त्याचा भाऊ महादेव गादीवर आला, कारण कृष्णाचा मुलगा रामचंद्र लहान होता. महादेवानंतर राज्य रामचंद्राकडे परत यावयाचे ते महादेवाचा मुलगा आमण याच्याकडे गेले. रामचंद्राने १२७१ च्या सुमारास ते परत घेतले. हक्क त्याचाच होता. पण हक्क मिळाल्यावर त्याने चुलतभावाचे डोळे काढविले. हेमाद्री पंडित महादेवाचा प्रधान होता तसा रामचंद्राचाही राहिला. दौलतीचे दप्तर न थांबता चालले. रामचंद्राच्या दरबारावर लिहिणाऱ्याने ज्ञानेश्वरांचा काळ म्हणून त्याला खुशाल सोन्याने मढवावे, पण त्या दरबाराच्या मागच्या कुठल्यातरी खोलीत एक आंधळा तरुण बसलेला आहे हे त्याने विसरू नये, आणि आम्हांलाही विसरू देऊ नये. कादंबरीकाराने न्यायाधीश व्हावे अशी आमची अपेक्षा नाही. त्याने फक्त त्या खोलीचे दार उघडे ठेवावे.

आता याच कल्याणीच्या घराण्याची एक शाखा आमच्या अगदी अंगणात येते. गोव्याचा कदंब राजा पहिला जयकेशी हा विक्रमादित्याच्या बाजूचा. बिल्हणाच्या काव्यात तो नजराणे घेऊन आलेला दिसतो, आणि चालुक्य व चोळ यांची मैत्री घडवून आणल्याचे श्रेय कदंबांचे लेख त्याला देतात. म्हणजे थोरल्या सोमेश्वराविरुद्धच्या कारस्थानात आमचे गोवेही होते. या जयकेशीचा नातू दुसरा जयकेशी. त्याला विक्रमादित्याने आपली मुलगी मैलळदेवी दिली. या दोघांचे पुत्र पेर्माडी आणि विजयादित्य. थोरल्याचे नाव आजोळचे, कारण विक्रमादित्यालाही पेर्माडी म्हणत. थोरल्याने बिरुद घेतले शिवचित्त, धाकट्याने विष्णुचित्त.

भावाला कैद करणाऱ्याचे हे नातू. ११४७ च्या सुमारास ते गोपकपट्टणच्या गादीवर आले आणि दोघांनी मिळून राज्य केले. गोवे आणि हलशी ही दोन्ही राजधान्यांची ठिकाणे, दोन पराक्रमी भाऊ, दोन निरनिराळे इष्टदेव. भांडण्यास लागणारे सर्व साहित्य हाताशी होते. तरी तीस वर्षांहून अधिक काळ ते सामाईक राज्य चालले. शिवचित्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर कदंबांचा सिंह आहे, आणि सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने हे मिळाले असा उल्लेख आहे. येथेही देवाचे नाव आहे, पण ते कोणाचे काढून घेण्यासाठी नाही. शिवचित्ताची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळच्या देगाव येथे तीन गर्भगृहांचे कमलनारायणाचे देऊळ उभारले. तेथील लेख कलियुगाच्या ४२७५ व्या वर्षाचा, म्हणजे ११७४ सालचा आहे. शिवचित्ताची बायको, आणि देऊळ नारायणाचे. पुढे राज्य गेले ते विष्णुचित्ताच्या मुलाकडे, तिसऱ्या जयकेशीकडे.

या दोन भावांवर कोणी अठरा सर्गांचे काव्य लिहिले नाही. आम्ही काही वर्षांपूर्वी देगावला गेलो होतो, तेव्हा त्या काळ्या पाषाणाच्या खांबांतून हिंडताना हाच विचार मनात येत होता. या दोघांत कधी वाद झालाच नसेल असे आम्ही मानीत नाही. महसुलावरून, मांडलिकांवरून, बायकांच्या बोलण्यावरून झाला असेलच, मिटला असेल. मिटलेल्या वादाची बखर होत नाही. आजोबांच्या घरात काय घडले हे आईने मुलांना कधी सांगितले की नाही, हा खरा कादंबरीचा विषय आहे. पण तो घेणाऱ्या लेखकाला स्वप्न, खलनायक, विषाचा पेला यांपैकी काहीच वापरता येणार नाही, आणि म्हणूनच बहुधा तो कोणी घेत नाही.

ते वृद्ध गृहस्थ कोण, हे आम्हांस पुढे कळले. आम्ही त्यांना भाऊच्या जागी भोगणारे समजत होतो. ज्याचे काही गेले आहे अशा माणसाचा तो प्रश्न वाटला होता. तसे नव्हते. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणी मुंबईस नोकरीला गेला. मागे कुळागर आणि घर यांच्याकडे राहिले. वाटणीचा विषय निघाला तेव्हा ग्रामदेवतेने आपल्याला दृष्टान्त दिला आहे, कुळागराचे तुकडे होता कामा नयेत, असे यांनी सांगितले. गावाने ते मानले, थोरल्यानेही मानले. त्यानंतर तो गावी आला नाही. मुंबईतच वारला. त्याचा मुलगा दर वर्षी उत्सवाला येतो आणि घर दोनशे पावलांवर असूनही देवस्थानच्या अग्रशाळेत उतरतो. चाळीस वर्षांत या गोष्टीविषयी कोणी चकार शब्द काढलेला नाही. सर्व काही सुरळीत आहे.

या वर्षी माघात आम्ही पुन्हा गेलो होतो. कीर्तन दुसऱ्या बुवांचे होते आणि आख्यान सुदाम्याचे. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेक आटोपल्यावर आम्ही निघण्यापूर्वी दर्शनास गेलो, तेव्हा गाभाऱ्यासमोर पाच-सहा महाजन उभे होते. पुरोहित गाऱ्हाणे घालीत होता. वृद्ध गृहस्थ हात जोडून एका बाजूला उभे होते, आणि दुसऱ्या बाजूला, तसाच हात जोडून, त्यांचा पुतण्या. त्याला अग्रशाळेतून बोलावून आणावयास ते स्वतः गेले होते, असे पुजाऱ्याने आम्हांस हळूच सांगितले. आम्हांला गाडी गाठावयाची होती. मूर्तीवर पाकळ्या लावल्या जात असतानाच आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.